तीन देवांचं कोडं: पहिला प्रश्न कुणाला, आणि का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "बूलोसचं तीन देवांचं कोडं वाचलं, उत्तरही वाचलं, जवळजवळ पाठ झालं. पण तीन जागी अडलोय. पहिला प्रश्न 'अ'ला विचारा म्हणतात. तो 'अ' स्वतःच लहरी निघाला तर त्याच्या उत्तराला किंमत काय? दुसरं, 'जा' म्हणजे हो की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही, तरी कोडं सुटतं कसं? आणि ते दोन प्रश्नांतही सुटतं असं ऐकलं, ते खरं का?"

मी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. लॉजिक गेट संपले की हे कोडं वर्गात घालतो, त्यामुळे माणसं कुठे अडतात ते बऱ्यापैकी ठाऊक आहे. ती नेमकी तुम्ही अडलात तिथेच अडतात. उत्तर पाठ असलेल्यांची तर हमखास फजिती होते: देवांची नावं बदलली किंवा 'जा'च्या जागी दुसरा शब्द टाकला की गाडी ठप्प. तेव्हा तयार उत्तर बाजूला ठेवू आणि कोडं पहिल्यापासून मांडू.

अ, ब, क असे तीन देव आहेत. त्यातला एक सत्यदेव, नेहमी खरंच बोलणारा. एक लबाडदेव, नेहमी खोटंच बोलणारा. तिसरा लहरीदेव; तो तुमचा प्रश्न ऐकून न ऐकल्यासारखा करतो आणि मनातल्या मनात छापा-काटा करून काहीतरी बोलतो. कोण कोणता हे देवांना एकमेकांबद्दल माहीत आहे, तुम्हाला नाही. तुम्ही फक्त हो-नाही उत्तराचे तीन प्रश्न विचारू शकता. एक प्रश्न एकाच देवाला. एकाच देवाला दोनदा विचारायला हरकत नाही, आणि आधीचं उत्तर ऐकून पुढचा प्रश्न ठरवायलाही हरकत नाही. देवांना मराठी कळतं, पण उत्तर ते आपल्या भाषेत देतात: 'दा' किंवा 'जा'. त्यातला एक शब्द म्हणजे 'हो', दुसरा 'नाही'. कुठला कुठला, हे तुम्हाला माहीत नाही. आणि इथे 'नरो वा कुंजरो वा' चालत नाही. धर्मराजालासुद्धा 'दा' नाही तर 'जा' यातलं एकच म्हणावं लागेल.

जॉर्ज बूलोस हे अमेरिकेतल्या एमआयटीत शिकवणारे तर्कशास्त्रज्ञ. १९९६ साली, म्हणजे ते वारले त्याच वर्षी, 'हार्वर्ड रिव्ह्यू ऑफ फिलॉसॉफी'मध्ये त्यांनी हे कोडं 'आजवरचं सर्वांत अवघड तर्ककोडं' म्हणून छापलं. त्याआधी १९९२ मध्ये ते इटालियन भाषेत 'ला रेपुब्लिका' या दैनिकात आलं होतं. मूळ कोड्याचं श्रेय बूलोस यांनी तर्ककोड्यांसाठी प्रसिद्ध असलेले तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मुलियन यांना दिलं आणि 'दा-जा'ची पाचर मारल्याचं श्रेय जॉन मॅकार्थी यांना. हे मॅकार्थी म्हणजे 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हा शब्दप्रयोग रूढ करणारे. ही पाचर संगणकवाल्याने मारलेली आहे हे लक्षात ठेवा, कारण ती काढायची तऱ्हाही त्याच गावची आहे.

आता सोडवायला बसू. पहिलं काम प्रश्न सुचवण्याचं नाही, मोजण्याचं आहे. बहुतेक जण इथेच घाई करतात.

तीन देव तीन जागी बसवायचे म्हणजे ३ × २ × १ = ६ मांडण्या. हो-नाहीचा एक प्रश्न दोन फांद्या फोडतो, दोन प्रश्न चार, तीन प्रश्न आठ. चारात सहा मावत नाहीत, म्हणून दोन हो-नाही उत्तरांत हे होणे नाही. आठात सहा मावतात आणि दोन फांद्या शिल्लक राहतात. आता त्यात भाषा मिळवा. 'जा' म्हणजे हो की नाही, या दोन शक्यता प्रत्येक मांडणीला लावल्या की एकूण १२ होतात. आठ फांद्यांत बारा बसत नाहीत. म्हणजे तीन प्रश्नांत देवही ओळखायचे आणि 'जा'चा अर्थही नक्की करायचा, हे दर वेळी जमणं शक्यच नाही. 'आधी एक प्रश्न भाषा शिकायला खर्च करू, मग दोन प्रश्नांत देव शोधू' हा बेत सगळ्यांनाच सुचतो, पण तो मुळातच बाद आहे: उरलेल्या दोन प्रश्नांच्या चार फांद्या आणि मांडण्या सहा.

तुमच्या दुसऱ्या शंकेचं अर्धं उत्तर इथे आलं. 'जा'चा अर्थ शेवटपर्यंत कळत नाही ही त्या उत्तरातली उणीव नाही. तो कळून घ्यायला जागाच नाही. प्रश्न असा बांधायचा की अर्थ न कळता काम भागेल.

दोन फांद्या शिल्लक राहतात म्हणालो, त्यांचं काय होतं ते पुढे पाहू. सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे.

लहरीदेवाचा बंदोबस्त

भाषा आणि लबाडी घटकाभर विसरा. बूलोस यांनी १९९६च्या त्या लेखात मुख्य कोड्याआधी तीन सोपी कोडी दिली आहेत. त्यातलं पहिलं पत्त्यांचं. टेबलावर दोन एक्के आणि एक गुलाम ओळीने पालथे ठेवलेत. कुठला कुठे आहे हे ठेवणाऱ्याला माहीत आहे. तुम्ही एका पत्त्यावर बोट ठेवून त्याला एकच हो-नाही प्रश्न विचारायचा. बोट एक्क्यावर असेल तर तो खरं सांगेल. गुलामावर असेल तर मनाला येईल ते सांगेल. या एका प्रश्नात एक एक्का खात्रीने शोधून दाखवायचा.

डाव्या पत्त्यावर बोट ठेवा आणि विचारा, "मधला पत्ता एक्का आहे का?" 'हो' म्हणाला तर मधला उचला, 'नाही' म्हणाला तर उजवा. का? डावा पत्ता एक्का असेल तर उत्तर खरं आहे: 'हो' म्हणजे मधला एक्का, 'नाही' म्हणजे मधला गुलाम, म्हणून उजवा एक्का. आणि डावा पत्ता गुलाम असेल तर? उत्तर कवडीमोलाचं आहे. पण मग उरलेले दोन्ही पत्ते एक्केच आहेत! मधला उचला की उजवा, दोन्हीकडे एक्काच हाती येतो.

तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर हे आहे. 'अ' लहरी असेल तर त्याच्या उत्तराला काही किंमत नाही, हे अगदी खरं. पण आपण त्या उत्तरावरून 'अ'बद्दल काहीच ठरवत नाही. ते उत्तर आपल्याला 'ब'कडे पाठवतं किंवा 'क'कडे. 'अ' लहरी असेल तर ब आणि क दोघंही लहरी नाहीत, म्हणून त्याने कुठेही पाठवलं तरी आपण शुद्धीवरच्या देवापाशीच पोचतो. पहिल्या प्रश्नात कुणालाच ओळखायचं नाही. 'लहरी नक्की नाही' असा एक देव गाठायचा, एवढंच. माणसं अडतात ती पहिल्याच प्रश्नात एखादा देव ओळखायच्या नादात.

लबाडी आणि भाषा: दोन इन्व्हर्टर

आमच्या धंद्यात इन्व्हर्टर म्हणजे नॉट गेट. शून्य दिला तर एक मिळतो, एक दिला तर शून्य. दोन नॉट गेट एकापुढे एक जोडले की आत गेलेलं जसंच्या तसं बाहेर येतं. तिथे दुसरा गेट पहिल्याचं काम पुसून टाकतो.

या कोड्यात असे दोन नॉट गेट दडलेत. एक लबाडीचा: लबाडदेव 'हो'चं 'नाही' करतो. दुसरा भाषेचा: 'जा' म्हणजे 'नाही' असेल तर आपल्या कानावर पडणारा शब्द उलटा असतो. दोन्ही गेट आहेत की नाहीत, हे आपल्याला माहीत नाही. असेल-नसेल अशा गेटवर एकच उपाय: सिग्नल त्यातून दोनदा न्यायचा. गेट नसला तर काही बिघडत नाही, असला तर दोनदा उलटून सरळ होतो.

दोनदा कसा न्यायचा? "तू खरं बोलतोस का?" असं कुणालाही विचारा. सत्यवचनी 'हो' म्हणेल, खोटारडाही 'हो'च म्हणेल. खोटारड्याच्या बाबतीत खरी स्थितीच 'नाही' आणि ती तो उलटी सांगतो. माणसाला त्याच्या स्वतःच्याच बोलण्याबद्दल विचारलं की त्याची लबाडी दोनदा लागू होते. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांचं १९३१ साली 'बोस्टन पोस्ट'मध्ये आलेलं कोडं याच एका गोष्टीवर उभं आहे. एका देशात सगळे पुरुष सरदार तरी असतात किंवा शिकारी तरी. सरदार कधी खोटं बोलत नाहीत, शिकारी कधी खरं बोलत नाहीत. तिघे भेटतात. पहिला काहीतरी म्हणतो, 'मी सरदार' किंवा 'मी शिकारी'. आपल्याला ऐकू येत नाही. दुसरा सांगतो, "तो म्हणाला, मी शिकारी." वर म्हणतो, "हा तिसरा शिकारी आहे." तिसरा म्हणतो, "पहिला सरदार आहे." आता, 'मी शिकारी' असं त्या देशात कुणीच म्हणू शकत नाही. सरदार म्हणाला तर खोटं होईल, शिकारी म्हणाला तर खरं होईल. म्हणजे दुसरा खोटारडा, अर्थात शिकारी. म्हणून तिसरा सरदार, आणि म्हणून पहिलाही सरदार. पुढचं वाचण्याआधी हे एकदा स्वतः करून बघा, हात मोकळा होतो.

तर देवांना विचारायचा साचा असा. तुम्हाला 'क्ष' ही गोष्ट खरी आहे का ते हवंय. थेट विचारू नका. असं विचारा:

"मी तुला 'क्ष आहे का?' असं विचारलं असतं, तर तू 'जा' म्हणाला असतास का?"

समोरचा देव लहरी नसेल तर या प्रश्नाला 'जा' आलं म्हणजे क्ष खरं, 'दा' आलं म्हणजे क्ष खोटं. सत्यदेव असो की लबाडदेव, 'जा' म्हणजे हो असो की नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, पडताळा घ्या. चार प्रकार आहेत. त्यातला सगळ्यात वाईट आपण करू. समोर लबाडदेव, 'जा' म्हणजे नाही, आणि क्ष खरं आहे. आतला प्रश्न थेट विचारला असता तर? खरं उत्तर 'हो', तो खोटं म्हणजे 'नाही' सांगणार, त्याच्या भाषेत 'जा'. म्हणजे तो 'जा' म्हणाला असता. आता बाहेरचा प्रश्न: "तू 'जा' म्हणाला असतास का?" खरं उत्तर 'हो'. तो उलट सांगणार, 'नाही'. 'नाही'साठी त्याचा शब्द 'जा'. म्हणजे तोंडातून बाहेर पडतं 'जा'. क्ष खरं, उत्तर 'जा'. जुळलं. आता क्ष खोटं धरा. आतल्या प्रश्नाचं खरं उत्तर 'नाही', तो 'हो' सांगणार, म्हणजे 'दा'. बाहेरच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'नाही, जा म्हटलं नसतं'. तो 'हो' सांगणार, म्हणजे 'दा'. हेही जुळलं. उरलेले तीन प्रकार कागदावर तुम्ही करा. प्रत्येकात दोन ओळी, पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते केल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही.

आता तीन प्रश्न

पहिला, 'अ'ला: "मी तुला 'ब लहरीदेव आहे का?' असं विचारलं असतं, तर तू 'जा' म्हणाला असतास का?" उत्तर 'जा' आलं तर 'क'कडे वळा, 'दा' आलं तर 'ब'कडे. पत्त्यांचंच गणित आहे. 'अ' लहरी नसेल तर 'जा'चा अर्थ ब लहरी, म्हणजे क सुरक्षित. 'दा'चा अर्थ ब लहरी नाही. आणि 'अ'च लहरी असेल तर ब काय, क काय, दोघेही सुरक्षित.

समजा 'दा' आलं आणि आपण 'ब'पुढे उभे आहोत. दुसरा प्रश्न त्याला: "मी तुला 'तू सत्यदेव आहेस का?' असं विचारलं असतं, तर तू 'जा' म्हणाला असतास का?" 'जा' म्हणाला तर तो सत्यदेव, 'दा' म्हणाला तर लबाडदेव. तिसरा प्रश्न पुन्हा त्यालाच: "मी तुला 'अ लहरीदेव आहे का?' असं विचारलं असतं, तर तू 'जा' म्हणाला असतास का?" 'जा' तर अ लहरी, 'दा' तर क लहरी. उरलेला आपोआप ठरला. पहिल्या प्रश्नाला 'जा' आलं असेल तर हेच सगळं 'क'ला विचारायचं. शेवटच्या प्रश्नाला 'दा' आलं तर ब लहरी.

आता त्या शिल्लक दोन फांद्यांकडे या. पहिल्या प्रश्नाला 'जा' आल्यावर किती मांडण्या उरल्या? 'अ' लहरी असलेल्या दोन आणि 'ब' लहरी असलेल्या दोन, एकूण चार. 'दा' आल्यावर? 'अ' लहरी असलेल्या दोन, 'क' लहरी असलेल्या दोन, पुन्हा चार. बेरीज आठ, आणि मांडण्या तर सहाच होत्या. 'अ' लहरी असलेल्या दोन मांडण्या दोन्हीकडे मोजल्या गेल्या, कारण त्या स्थितीत 'जा'ही येऊ शकतं आणि 'दा'ही. ज्या दोन फांद्या आपल्याला फाजील वाटत होत्या, त्या लहरीपणाने खाऊन टाकल्या. हिशोब दमडीपर्यंत जुळतो.

यातून आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. पहिल्या प्रश्नानंतर चार मांडण्या आणि दोन प्रश्न, म्हणजे चारच फांद्या. आता एकही फाजील नाही. दुसरा प्रश्न जर लहरी असू शकेल अशा देवाला विचारला तर त्याच्या मांडण्या पुन्हा दोन्हीकडे मोजल्या जाणार आणि हिशोब कोलमडणार. म्हणून दुसरा प्रश्न खात्रीच्या देवालाच विचारावा लागतो, दुसरा मार्ग नाही. आणि म्हणूनच पहिल्या प्रश्नाचं काम खात्रीचा देव गाठून देणं हेच असलं पाहिजे. उत्तर माहीत नसतानाही निव्वळ मोजणीने तुम्ही इथवर येऊ शकता. मला विचाराल तर या कोड्यात मजा आहे ती इथे. 'असतास का'वाली युक्ती त्यापुढे हातचलाखी आहे.

वर्गात हे कोडं नाटकासारखं करून घ्यावं. तीन चिठ्ठ्या, तीन मुलं, एक नाणं, आणि 'जा'चा अर्थ तिघांच्या कानात सांगायचा. ('जा' म्हटलं की एखादा खरंच उठून जायला लागतो. हशा पिकतो, पिकू द्यावा.) लहरीदेवाचं काम सोपं, नाणं उडवलं की झालं. सत्यदेवही निभावून नेतो. दमछाक होते ती लबाडदेवाची. आतला प्रश्न ऐकताच तो खोटं बोलायला उतावीळ होतो आणि बाहेरच्या प्रश्नाला उलटवायचं विसरतो. त्याला वही द्यावी: आतल्या प्रश्नाला तू कुठला शब्द म्हणाला असतास तो आधी लिही. मग त्या शब्दाकडे बघून बाहेरच्या प्रश्नाचं खोटं उत्तर दे. असं दोन टप्प्यांत केलं की चूक होत नाही, आणि बघणाऱ्यांनाही दोन गेट दोनदा कसे लागतात ते डोळ्यांनी दिसतं. लबाडदेव वर्गातल्या सगळ्यात शांत मुलाला करावं, एवढं अनुभवाने सांगतो.

बूलोस यांचा स्वतःचा प्रश्न

गंमत म्हणजे हा 'असतास का'चा साचा बूलोस यांच्या उत्तरात नाही. त्यांनी 'तरच आणि तेव्हाच' या जोडणीने प्रश्न बांधला: 'दा म्हणजे हो, तरच आणि तेव्हाच तू सत्यदेव, तरच आणि तेव्हाच ब लहरी' अशा थाटाचा. वाचून घेरी येते, पण आशय सोपा आहे. आपल्या 'जा'च्या भाषेत असा सांगता येईल: "'तू सत्यदेव आहेस', 'जा म्हणजे हो', आणि 'ब लहरीदेव आहे', या तीन विधानांपैकी खरी असलेली विधानं विषम संख्येत आहेत का?" लहरी नसलेल्या देवाने याला 'जा' म्हटलं तर ब लहरी, 'दा' म्हटलं तर नाही.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हा सरळसरळ एक्सॉर गेट (आत आलेले 'एक' विषम संख्येत असले तरच 'एक' बाहेर देणारा) दिसेल. तिथे सिग्नल दोनदा नेलेला नाही. दोन्ही अज्ञात गेट प्रश्नातच आधी मिसळून ठेवलेत, मग उत्तर देताना ते पुन्हा लागतात आणि रद्द होतात. काम तेच. मला शिकवायला 'असतास का' बरा वाटतो, मराठीत तो सहज विचारता येतो. 'विषम'वाला पडताळायला सोपा, कारण त्यात 'झालं असतं तर'ची भानगड नाही.

त्या लेखातली उरलेली दोन सोपी कोडी याच दोन गेटची सुटी तालीम आहेत. दुशान्बे हे शहर किर्गिझियात आहे का, हे तुम्हाला एकाच प्रश्नात काढायचंय (नाहीये, ते ताजिकिस्तानात आहे). एकदा समोर सत्यदेव की लबाडदेव माहीत नाही, पण भाषा कळते. एकदा समोर नक्की सत्यदेव, पण 'दा-जा' कळत नाही. एका वेळी एकच गेट. मुख्य कोडं अंगावर येत असेल तर आधी ही दोन करा.

लहरी म्हणजे किती लहरी?

बूलोस यांच्या मूळ मांडणीत एक फट राहून गेली होती. तिथे नाणं 'दा की जा' हे ठरवत नाही. लहरीदेव त्या वेळी खरं बोलणार की खोटं, हे ठरवतं. बारीक फरक वाटतो, पण कोड्याची हवाच निघते. प्रश्नागणिक तो एकतर सत्यदेव असतो नाहीतर लबाडदेव, आणि आपला साचा तर दोघांवरही चालतो! "आत्ताच्या तुझ्या मनःस्थितीत मी विचारलं असतं तर..." एवढी पुस्ती जोडली की लहरीदेवाकडूनही बिनचूक उत्तर मिळतं. मग खात्रीचा देव गाठायची गरजच उरत नाही. ब्रायन राबर्न आणि लँडन राबर्न यांनी २००८ साली 'अ‍ॅनालिसिस' या नियतकालिकात हे दाखवलं आणि कोडं दुरुस्त केलं: लहरीदेव खरोखरच काहीही बोलतो. मी वर मांडलंय ते हे दुरुस्त रूप. कुणी तुम्हाला हे कोडं घातलं तर नाणं नेमकं काय ठरवतं, हे आधी विचारून घ्या.

दोन प्रश्नांत सुटतं का?

आता तिसरी शंका. दोन हो-नाही उत्तरांच्या चार फांद्यांत सहा मांडण्या बसत नाहीत हे पाहिलं. तरी दोन प्रश्नांत सुटतं, कारण उत्तराला तिसरी शक्यता मिळवता येते: देव गप्प बसणे. सत्यदेवाला विचारा, "या प्रश्नाला तू तुझ्या भाषेतल्या 'नाही'च्या शब्दाने उत्तर देणार का?" 'नाही' म्हणाला तर जे घडलं तेच नाकारलं, म्हणजे खोटं. 'हो' म्हणाला तर 'नाही' म्हणालाच नाही, तेही खोटं. बिचारा गप्प! लबाडदेव मात्र यातलं काहीही बिनदिक्कत बोलू शकतो, दोन्ही खोटीच आहेत. राबर्नद्वयांनी ही वाट उघडली. तीन शक्यता असल्या की दोन प्रश्नांच्या नऊ फांद्या होतात, आणि नऊत सहा बसतात.

खऱ्याखुऱ्या लहरीदेवासाठी गॅब्रिएल उझ्कियानो यांनी २०१० मध्ये दोन प्रश्नांचं उत्तर दिलं. त्यातली कल्पना अशी, की लहरीदेव काय म्हणेल हे बाकीच्या दोघांनाही आधी सांगता येत नाही. त्याबद्दल विचारलं तर सत्यदेवाला खरं माहीत नाही आणि लबाडदेवाला खोटं कुठलं ते ठरवता येत नाही. दोघेही गप्प. त्या कल्पनेवर मी वर्गात वापरतो ती मांडणी देतो, ती पडताळायला सोपी आहे.

पहिला प्रश्न 'अ'ला: "मी 'ब'ला 'अ लबाडदेव आहे का?' असं विचारलं, तर तो 'जा' म्हणेल का?" अ गप्प बसला तर ब लहरी, मग 'अ'ला 'असतास का'च्या साच्यात 'तू सत्यदेव आहेस का' विचारा, झालं काम. उत्तर आलं तर ब नक्की लहरी नाही. उत्तर लक्षात ठेवा आणि तसाच प्रश्न 'ब'ला 'क'बद्दल विचारा: "मी 'क'ला 'ब लबाडदेव आहे का?' असं विचारलं, तर तो 'जा' म्हणेल का?" ब गप्प बसला तर क लहरी, आणि 'अ'चं पहिलं उत्तर कामी येतं: 'जा' होतं तर अ सत्यदेव, 'दा' होतं तर लबाडदेव. ब बोलला तर अ लहरी, त्याचं पहिलं उत्तर केराच्या टोपलीत. 'ब'ने 'जा' म्हटलं तर तो सत्यदेव, 'दा' म्हटलं तर लबाडदेव.

का चालतं? विचारणा एका देवामार्फत दुसऱ्याबद्दल आहे, म्हणून भाषेचा गेट दोनदा लागतो आणि रद्द होतो. लबाडीचा मात्र नेमका एकदाच लागतो, कारण दोघांपैकी एक सत्यदेव आणि दुसरा लबाडदेव. कुठला कोण, याने फरक पडत नाही. उत्तर एकदा उलटणार हे आधीच माहीत असल्यामुळे 'लबाडदेव आहे का' असं उलटंच विचारलं, की 'जा' म्हणजे सत्यदेव.

यावर 'पण ही चलाखी झाली' असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. देवाने गप्प बसणं चालतं असं मूळ कोड्यात कुठे म्हटलेलं नाही. शिवाय उझ्कियानो यांनी त्याच लेखात कोडं आणखी अवघड करून मांडलं, आणि त्या रूपाला तीनपेक्षा कमी प्रश्न पुरतच नाहीत, हे ग्रेगरी व्हीलर आणि पेद्रो बाराओना यांनी २०१२ मध्ये सिद्ध केलं. तेव्हा 'दोन प्रश्नांत सुटतं' म्हणणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: तुमचे देव गप्प बसू शकतात का, आणि लहरीदेव काय बोलणार हे इतर दोघांना आधी कळतं का? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर तीनच प्रश्न लागतील. दुसऱ्याचं 'हो' असेल तर वर दिलेली माझी मांडणी तिथे चालणार नाही.